लँटानाची हेज लावू का? फुलाचं नंतर, आधी फळाचं बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशकात पाथर्डी फाट्याच्या पुढं कडेचा प्लॉट, मागं पांडवलेणीचा डोंगर, ६० फूट कंपाऊंडला लागून रंगीत फुलांची हेज हवीये. नर्सरीवाल्याने लँटाना सुचवली, हायब्रिड आहे, बी धरत नाही, पाणी विसरलात तरी मरत नाही म्हणाला. आणि हवाईत होनोलुलूला असलेल्या लेकीने व्हिडिओ कॉलवर ती रोपं बघून सांगितलं की आई हे अजिबात लावू नको, इकडं याने डोंगर गिळलेत. तुमचं म्हणणं असं की हवाई पडलं बेट, आपण काय बेटावर राहतो का, आणि प्लॉटमागच्या नाल्याला घाणेरीची, म्हणजे रानातल्या लँटानाची, जाळी आधीपासूनच आहे, मग मी पंधरा-वीस रोपं लावली तर असं काय आभाळ कोसळणार.

पाण्याचं नर्सरीवाला खरं बोलला. भर मे महिन्यात मुरमाड जमिनीवर टँकरशिवाय तग धरणारी जी पाच-सहा फुलझाडं आहेत त्यात लँटाना वरच्या नंबरला. बी धरत नाही हे मात्र अर्धवट खरं आहे, आणि त्या अर्ध्यापायीच एवढं लांबलचक लिहायला बसलोय. गेली २५-२६ वर्षं नाशकात बागा लावतोय, त्यातली पहिली आठ-दहा वर्षं मी स्वतः हे झाड हौसेने लोकांच्या गळ्यात मारलंय, त्यामुळं नर्सरीवाल्यावर माझा काही राग नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. पिशवीत असली की लँटाना, रस्त्याकडेला असली की घाणेरी, आमच्याकडच्या बायका टणटणी म्हणतात. झाड तेच. खात्री करायची तर पान चुरगळा, तोच उग्र वास, तेच सँडपेपरसारखं खरखरीत पान, तीच चौकोनी दांडी. बागेतल्या जातींना काटे कमी असतात, पान जरा लहान, फुलं दाट, एवढाच फरक. जांभळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी, कुंडीतून खाली लोंबणारी जी असते ती मात्र वेगळी जात आहे, तिच्याबद्दल पुढं सांगतो. आणि गुच्छात मधली फुलं पिवळी, कडेची लाल-गुलाबी दिसतात ना, तो एकाच फुलाच्या वयाचा खेळ आहे, उमलताना पिवळं, मग केशरी, मग लाल. फुलपाखरं पिवळ्यावरच जास्त सोंड घालतात, कारण मध ताज्या फुलात. हेज लावल्यावर एकदा दहा मिनिटं खुर्ची टाकून बघा असं मी पूर्वी गिऱ्हाइकांना सांगायचो, लगेच ऑर्डर पक्की व्हायची.

मूळ गाव या झाडाचं मध्य आणि दक्षिण अमेरिका. सतराव्या शतकात युरोपात गेलं, तिथल्या बागवानांनी आपसात संकर करून करून रंगीबेरंगी जाती काढल्या, आणि मग जहाजांबरोबर जिथं जिथं गोऱ्यांच्या बागा तिथं तिथं हे पोचलं. आपल्याकडं १८०९ च्या आसपास कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेचं झाड म्हणून. म्हणजे जंगलात कुणी बी फेकायला गेलं नव्हतं, बागेतूनच निघालं ते.

आता हवाई. तिथली गोष्ट मला कायम मजेशीर वाटते कारण त्यात आपली साळुंकी आहे. १८५८ साली विल्यम हिलब्रँड नावाच्या जर्मन डॉक्टरने हौसेने लँटाना होनोलुलूत आणली. त्याच्या बागेची जागा आजही आहे, फॉस्टर बोटॅनिकल गार्डन म्हणतात, लेकीला विचारा, तिने पाहिलीही असेल. याच डॉक्टरने पुढं १८६५ साली भारतातून साळुंक्या नेल्या, कशाला तर लष्करी अळी खायला. साळुंक्यांनी अळ्या खाल्ल्या असतीलच, पण लँटानाची काळी फळंही खाल्ली आणि बिया घेऊन बेटभर हिंडल्या. झाड एकाने आणलं, पेरणी करणारा पक्षीही त्यानेच आणला, दोन्ही चांगल्या हेतूने.

गुरांचा हातभार वेगळाच. हवाईत गुरं पहिल्यांदा आली १७९३ साली, कॅप्टन व्हँकुव्हरच्या जहाजातून. त्याआधी तिथं चरणारं मोठं जनावर नव्हतंच. जवळच्या खंडापासून जवळपास चार हजार किलोमीटर लांब समुद्रात ही बेटं, तिथल्या मूळच्या फुलझाडांपैकी दहातली नऊ जगात दुसरीकडं कुठंही सापडत नाहीत, आणि लाखो वर्षं कुणी खायलाच नसल्यामुळं त्या झाडांनी काटे, उग्र वास, कडू चीक असली हत्यारं टाकूनच दिली होती. तिथली जंगली रास्पबेरी आहे, तिचे काटे नावापुरते उरलेत. पुदिन्याच्या कुळातली झाडं आहेत त्यांना वासच नाही. अशा ठिकाणी गुरं सुटली तर काय खातील? बिनकाट्याचं मऊसूत देशी झाड खातील आणि काट्याची, घाण वासाची, वर विषारी असलेली लँटाना बाजूला ठेवतील. दरवर्षी हेच होत राहिलं की डोंगर कुणाचा होणार ते सांगायला नको.

लोक इतके टेकीला आले की १९०२ मध्ये आल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकतज्ज्ञाला मेक्सिकोला पाठवलं, लँटाना तिच्या माहेरी कोण खातं ते शोधायला. त्याने २३ प्रकारचे किडे पाठवले, त्यातले ८ हवाईत टिकले. तण मारायला मुद्दाम परदेशातून किडे आणायचे हा प्रकार तेव्हा जगाला नवाच होता. फळ पोखरणारी एक बारीक माशी, पानांचा रस शोषणारा जाळीदार पंखांचा ढेकूण वगैरे मंडळी त्यातली. त्याने जोर कमी झाला, कोरड्या भागात तर बराच झाला, पण लँटाना गेली नाही. ती माशी १९२१ मध्ये भारतातही आणली, तो ढेकूण १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणला. परिणाम तुमच्या मागच्या नाल्यालाच दिसतोय.

दक्षिण अमेरिकेजवळच्या गॅलापागोस बेटांमध्ये फ्लोरियाना नावाच्या बेटावर १९३८ साली अशीच शोभेला आणली, तिथं एक समुद्रपक्षी जमिनीत बीळ करून अंडी घालतो, त्याच्या बिळांच्या जागेवरच या झाडाच्या जाळ्या चढल्या. पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर दुसरं झाड, मायकोनिया म्हणतात, मीटरभर लांब पान, खालून जांभळं, दिसायला देखणं. १९३७ मध्ये एका खासगी बोटॅनिकल बागेत लावलं आणि आज बेटाचा जवळपास दोन तृतीयांश भाग त्याच्या सावलीखाली आहे. फळ बारीक, गोड, पक्ष्यांना आवडणारं. सगळीकडं तीच कथा.

तर तुमचा मुद्दा, आपण बेटावर राहत नाही. ताई, तुम्ही नाही राहत, पण झाडं राहतात की. गंगापूर रोडवरून चौफेर बघा, खाली द्राक्षं, टोमॅटो, प्लॉटिंग, रस्ते, आणि मधूनच वर आलेले डोंगर. पांडवलेणी, रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी. माळरानाच्या आणि वस्तीच्या समुद्रात उभी बेटंच ती. अंजनेरीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, एक कंदीलपुष्प उगवतं, सेरोपेजिया अंजनेरिका, डोंगराचंच नाव त्याला मिळालंय, बोटाएवढा जीव त्याचा, पावसाळ्यात येतं आणि जातं. असल्या झाडाशेजारी माणसाच्या उंचीची जाळी आली तर ते कुणाला दिसणारही नाही, ऊनच मिळणार नाही त्याला. आणि शेळ्या-गुरं आपल्या डोंगरावरही तीच निवड करतात जी हवाईत केली, बाकी सगळं ओरबाडतात, घाणेरीला तोंड लावत नाहीत.

आता माझी चूक सांगतो. १९९९ किंवा २००० असेल, त्र्यंबक रोडला एका फार्महाऊसच्या कुंपणाला मी ४० लँटाना लावल्या होत्या, पिवळ्या आणि लाल अशा एक सोडून एक. काम सुंदर झालं होतं, त्या मालकाने दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवला होता. नंतर बरीच वर्षं तिकडं जाणं झालं नाही. सात-आठ वर्षांनी ड्रिपच्या कामाला गेलो तर कुंपणापलीकडच्या पडीक रानात घाणेरीची एक सरळ रेघ. अगदी दोरी लावून लावल्यासारखी, एका रांगेत, लांबपर्यंत. मला आधी वाटलं कुणीतरी माझी डिझाईन बघून लावली. मग वर बघितलं तर विजेची तार. तारेवर बुलबुल, शेपटीखाली लाल असतो तो, तीन-चार बसलेले. माझ्या हेजवर जेवायचं, तारेवर बसून पोट मोकळं करायचं, खाली रोप. त्या रेघेच्या शेवटी एक बाभूळ होती, तिच्याखाली तर बसायला जागा नव्हती इतकी दाट जाळी. त्या दिवसापासून मी झाड निवडताना फूल शेवटी बघतो. फळ कसलं येतं, ते कोण खातं आणि खाणारा नंतर कुठं जाऊन बसतो, हे आधी. तुमच्या घरावरून उडालेला बुलबुल पांडवलेणीवर बसायला किती वेळ लागेल? दोन मिनिटं. मोठ्या झाडाला वर्षाला बारा हजारापर्यंत फळं धरू शकतात, त्यातली शेकडा एक जरी नीट पडली तरी हिशोब करा.

हायब्रिडचं काय, तर हायब्रिड म्हणजे वांझ नव्हे. रानात माजलेली घाणेरीसुद्धा मुळात त्या युरोपातल्या संकरांचीच पोरं-नातवंडं आहेत. खरोखर बी न धरणाऱ्या जाती आहेत, नाही असं नाही, गुणसूत्रांचे दोन किंवा चार ऐवजी तीन संच असले की बी सहसा तयार होत नाही, फ्लोरिडा विद्यापीठाने तर तपासून, खात्री करून अशा जाती बाजारात दिल्यात. पण आपल्याकडं पिशवीवर जातीचं नाव कुठं असतं? पिवळी, लाल, पांढरी, मिक्स, एवढंच. नर्सरीवाल्याने जिथून छाटकलमं आणली त्याला माहीत नाही, त्याच्या आधीच्यालाही नाही. शिवाय काही जातींत बी नसलं तरी पराग चांगला असतो, तो तुमच्या नाल्यावरच्या घाणेरीच्या फुलावर गेला की नव्या रक्ताचं बी तिकडं तयार. फ्लोरिडात त्यांची एक स्वतःची देशी लँटाना आहे, ती अशाच संकरापायी आपली ओळख घालवत चाललीये.

तरीपण तुमचं मन तिच्यावरच बसलं असेल तर एक करा. एकच रोप आणा, कुंडीत लावा, भरपूर उन्हात गच्चीवर ठेवा आणि एक पूर्ण पावसाळा आणि पुढची दिवाळी जाऊ द्या. फुलं गळाल्यावर दांडीच्या टोकाला काय राहतं ते बघायचं. नुसती वाळकी काडी राहिली तर ठीक. हिरव्या मिरीच्या घोसासारखे मणी राहिले, आणि ते पुढं काळे झाले, तर काय ते समजा. आजूबाजूला रानातली घाणेरी फुललेली असतानाच ही परीक्षा धरायची, नाहीतर परागच मिळाला नाही म्हणून पास व्हायची. ती जांभळी पसरणारी जी म्हणालो तिलाही हीच परीक्षा, ऑस्ट्रेलियात तीसुद्धा तण झालेली आहे. ज्यांच्याकडं आधीच लँटाना आहे आणि काढवत नाही त्यांना मी सांगतो की फुलांचा एक बहर सरला की लगेच कात्री मारा, फळ काळं व्हायच्या आत. सहा महिने करतात, मग माळी बदलतो आणि राहून जातं. मी तरी सलग दोन वर्षं कुणी केलेलं बघितलं नाही.

आधीच सगळीकडे आहे मग माझ्याने काय फरक, हा प्रश्न वाईट नाही. भारतात वाघ असलेल्या जंगलांत मोजणी झाली तेव्हा दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर घाणेरी निघाली होती, त्यापुढं तुमचे ६० फूट म्हणजे काहीच नाही, मान्य. पण डोंगराच्या पायथ्याशी काठावर असलेला प्लॉट आणि शहरातल्या सिडकोच्या मध्यात असलेला प्लॉट यात फरक आहे. बेटावर सगळं आधी बंदरात उतरतं आणि मग आत जातं. तुमचा प्लॉट म्हणजे बंदर. कॉलेज रोडला कुणी बाल्कनीत एक कुंडी ठेवली तर मी एवढं लिहिणार नाही.

आणि हे देशी-विदेशीचं भांडण मी करत नाहीये हां. विदेशी नको म्हटलं तर नाशिकची द्राक्षं, टोमॅटो, मिरची सगळंच उपटायला लागेल. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची आहे, दोनशे फूट लावा, आपल्याकडं बी फारसं धरत नाही, जिथं लावली तिथंच राहते, मला काही अडचण नाही. उलट आपली गुणी पोरं बाहेर जाऊन काय करतात तेही बघा. सोनटक्का, ज्याचं फूल आपल्या आज्या अंबाड्यात माळायच्या, तो हवाईत ओलसर जंगलात माजलाय. कुंती, पांढऱ्या वासाच्या फुलांची, ती ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला तण म्हणून गणली जाते, तिचीही लाल फळं पक्षी खातात. तिकडचं कुणी मराठी माणूस कुंती लावू का विचारायला आला तर त्याला मी नकोच म्हणेन, तुम्हाला खुशाल लावा म्हणतो.

मग लावायचं काय. तुमच्या मुरमाड जागेत मी असं करेन. मुख्य हेज अडुळशाची. स्वस्त, शेळी तोंड लावत नाही, पावसाळ्यात काडी खोचली तरी लागते, थंडी सरताना पांढरी फुलं येतात आणि मधमाश्या तुटून पडतात. रंग नाही म्हणाल, तर मधेमधे कोरांटी, पिवळी आणि जांभळी दोन्ही, पिवळी काटेरी आहे त्यामुळं कुत्री आत शिरत नाहीत, आणि फुलं थंडीत, जेव्हा बाकी बागेत काही नसतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर दोन-तीन धायटी. धायटी नर्सरीत मरतुकडी दिसते, लोक नाक मुरडतात, पण जमिनीत दोन वर्षं गेली की फेब्रुवारीपासून फांदीन्‌फांदी लाल होते आणि शिंजीर, म्हणजे मध पिणारे ते चिमुकले पक्षी, दिवसभर हलत नाहीत. मागच्या नाल्याच्या बाजूला निरगुडी, ती उंच वाढते, तिला वर्षातून दोनदा छाटायची. कुंपणाबाहेर हवं तर करवंद लावा, त्याची फळं पक्षी डोंगरावर नेतील, नेऊ द्या, तिकडचंच आहे ते. टिकोमा, म्हणजे पिवळ्या घंटा, आणि डुरांटा हे दोन नर्सरीवाला पुढं करेल. दोन्ही अमेरिकेकडची, टिकोमाचं बी पंखाचं, वाऱ्यावर जातं, डुरांटाची पिवळी मण्यांसारखी फळं लहान मुलं असलेल्या घरात नकोच, विषारी आहेत. जास्वंदीची हेज छान दिसते पण शेजारी कुणाची द्राक्षबाग असेल तर तेवढं टाळा, पिठ्या ढेकूण दोघांचा एकच आणि शेतकरी तुमच्या नावाने बोटं मोडेल.

नाल्यावरच्या जाळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण सांगतो, कारण हेज लावून ती तशीच ठेवली तर वर्षभरात तुमच्या अडुळशात घुसणार. कोयत्याने वरून कापू नका, एकाच्या दहा फांद्या येतात. जाळू तर अजिबात नका, राखेतून पुन्हा फुटते, आणि बाकीचं जळाल्यामुळं तिला रान मोकळं मिळतं. पहिले दोन पाऊस झाले, माती मऊ झाली की टिकाव घ्या. बुंध्याशी माती दोन-चार बोटं बाजूला केली की खोड जिथं मुळात उतरतं ती गाठ लागते, फुटवे तिथूनच येतात, म्हणून घाव गाठीच्या खाली घालायचा आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर आणि शेंडे खाली. मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. हातमोजे जाड घ्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट. काळी फळं लगडलेली असताना काम करू नका, उपटताना झटक्याने सगळीकडं सांडतात. एकदम सगळी जाळी एका दिवसात साफ करायचा हट्ट नको, त्यात मुंगूस, तित्तिर असलं कोणीतरी राहत असतं, दुसरा आडोसा तयार नसताना त्यांचं छप्पर काढायचं नाही, म्हणून एक पट्टा या वर्षी, तिथं निरगुडी, पुढचा पट्टा पुढच्या वर्षी. बारीक रोपं पुढची तीन वर्षं येतच राहतात, ती पावसाळ्यात चहा पिता पिता हाताने उपटता येतात.

आणि उपटलेला ढीग बाहेर रस्त्यावर टाकू नका. मोकाट जनावरं एरवी खात नाहीत पण उन्हाळ्यात भुकेपोटी खातात, यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी भाजल्यासारखी सोलते, मी एका गाईचं नाकाड पाहिलंय तसं. ढीग आत ठेवा, पूर्ण वाळला की चुलीला छान जळण होतं.

रोपांचं म्हणाल तर ६० फुटाला दीड फुटावर एक या हिशोबाने ४० लागतील, त्यात २५ अडुळसा, बाकी कोरांटी. धायटी आणि निरगुडी वेगळी. आत्ता खड्डे काढून उन्हात तापू द्या, शेणखत टाका, आणि रोपं जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच आणा. अडुळशाच्या काड्या विकत घेऊ नका, कुणाही जुन्या वाड्याच्या परसात असतो, खोकल्याला पानं मागायला गेलात तर माणसं काडीही देतात.